पाहुणे जातात, विहीर राहते

सुट्टी लागली की आमच्या बिबवेवाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. कुणी हर्णैला, कुणी गुहागरला, कुणी तारकर्लीला. तुमच्याकडेही बेत चालले असतीलच, हो ना? पण मैत्रिणींनो, आपण जिथे चार दिवस मजा करून येतो, तिथल्या बायकांना आपलं येणं कसं वाटतं, हे कधी विचारलंय?

माझ्या थोरल्या नणंदेचं सासर मालवणजवळ, देवबागच्या वाटेवर. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे काही वर्षांनी वन्संनी न्याहारी निवास योजनेत दोन खोल्या काढल्या. पहिल्या पाहुण्यांना अंथरायला लग्नातल्या जपून ठेवलेल्या चादरी काढल्या होत्या बरं का! आंबोळ्या, सोलकढी, बांगड्याचं तिखलं यांवर मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. बँकेचं पासबुक प्रथमच त्यांच्या नावाचं झालं. तेव्हा पर्यटन नको, असं त्या कधीच म्हणणार नाहीत.

पण आता भाच्याला मागची माडबाग तोडून आठ खोल्या बांधायच्या आहेत, शिवाय पोहण्याचा तलाव. समुद्र हाकेवर असताना तलाव कशाला, ते मला अजून उमगलेलं नाही! आमच्या ‘ह्यांना’ मात्र कल्पना फार आवडली.

वन्संचं म्हणणं एकच, “वहिनी, विहीर बघा आधी.” किनाऱ्यावर वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत असतं. मोठा पंप लावून भसाभसा उपसलं की खालचं खारं वर येतं. मग त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो, माड सुकतात. पाहुणे जातात, विहीर घरच्यांनाच राहते.

शेजारच्या मासेविक्या आजींची तक्रार निराळी. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, त्याला मोकळी पुळण लागते. तिथे खुर्च्या, छत्र्या नि पाण्यातल्या खेळांच्या बोटी. “रापण खंय ओढूची आमी?” त्यांनी मलाच विचारलं. मी काय सांगणार?

वेंगुर्ल्याजवळ शिरोड्यात, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या वेळागरच्या लोकांनी पंचतारांकित हॉटेलासाठी जमिनी घेण्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला. आमची घरं नि बागायती वगळा, ही त्यांची मागणी. उलट मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात उतरतात, घरच्याच पानावर जेवतात. पैसा घरात येतो, आणि कासवाची अंडी राखली तरच पाहुणा येणार, हेही गावाला ठाऊक असतं.

तेव्हा जाल तर घरगुती ठिकाणी उतरा, जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. आणि आंघोळीला बादली घ्या, शॉवर सोडून उभ्या राहू नका.

परवा आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “वहिनी, तिकडे दहा गुंठे मिळतील का?” मी वन्संना फोन लावला. त्या म्हणाल्या, “पंप किती हॉर्सपॉवरचा लावणार, ते आधी विचार त्यांना.”

अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.