विश्लेषण : महाडचा पूर दिवेआगरच्या समुद्रावर का ठरतो?

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा किनारा जिथे दक्षिणेला संपतो, तिथे सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते. या समुद्राला भरती किती, यावर पावसाळ्यात आत महाडच्या बाजारपेठेत पाणी किती वेळ थांबणार हे बरेचसे ठरते. ते कसे?

उगम कुठे?
क्षेत्र महाबळेश्वर येथे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम येथील पंचगंगा मंदिरात मानला जातो. पहिल्या चार पूर्वेच्या कृष्णा खोऱ्यात जातात. सावित्री एकटी पश्चिमेला कोकणात उतरते.

प्रवास कसा?
पोलादपूर, महाड, दासगाव, आंबेत असा. लांबी सुमारे ११० किलोमीटर. खालच्या टप्प्यात ती रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द होते आणि बाणकोटची खाडी म्हणून ओळखली जाते. मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोट किल्ला. दिवेआगरहून दापोलीकडे जाणारे पर्यटक बागमांडला येथून फेरीबोटीने वेश्वीला जातात, ती हीच खाडी.

उपनद्या कोणत्या?
महाडकरांच्या दृष्टीने दोन महत्त्वाच्या. वाळण कोंड, बिरवाडीकडून येणारी काळ आणि रायगड किल्ल्याच्या बाजूने येणारी गांधारी. दोन्ही महाडच्या परिसरात सावित्रीला मिळतात.

पूर का येतो?
महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर, तर महाड समुद्रसपाटीपासून थोडेच वर. घाटातले पाणी काही तासांत खाली येते. तीन नद्यांचे पाणी एकाच भागात जमते आणि पुढे उतार जवळपास संपतो. त्याच वेळी भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही. ते मागे फुगते आणि शहरात शिरते. ओहोटी लागल्यावरच ते वेगाने ओसरू लागते.

इतिहास काय सांगतो?
२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड पाण्याखाली गेले.

उपाय काय?
२०२१ नंतर पात्रातील गाळ आणि बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावाचा मुद्दाही स्थानिक सतत मांडतात. गाळ काढल्याने पात्रात जास्त पाणी मावते, पण भरती थांबत नाही. घाटातून दरवर्षी नवा गाळही येतोच. त्यामुळे हे काम एकदा करून संपणारे नाही.

नागरिकांनी काय पाहावे?
महाडच्या आकाशावर विसंबू नये. महाबळेश्वर आणि पोलादपूरचा पाऊस, सोबत भरतीची वेळ, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठे असते. त्या दिवसांत घाटात मुसळधार पाऊस असेल, तर दुकानातला माल आणि घरातली माणसे पाणी चढण्याआधीच वर हलवणे शहाणपणाचे.