परसातले सोबती – लेखांक ६ : दुर्बीण निवडताना

दुर्बिणीच्या अंगावर ८×४२ किंवा १०×५० असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुकानात घासाघीस चालते ती बहुधा पहिल्या आकड्यावर. तो जितका मोठा तितकी दुर्बीण भारी, असा समज आहे. परसात तो समज महागात पडतो. शेवग्याचे झाड, कुंपण, विहिरीचा कठडा ही सगळी ठिकाणे तीन ते वीस मीटरच्या आतली. इथे लांबचे जवळ आणण्यापेक्षा जवळचे नीट दिसणे जास्त गरजेचे असते, आणि त्याचा पत्ता या दोन आकड्यांतून लागत नाही.

त्यासाठी किमान अंतर विचारावे लागते. प्रत्येक दुर्बिणीची एक मर्यादा असते. तिच्या आत आलेली वस्तू कितीही चाक फिरवले तरी धूसरच राहते. जास्वंदीवर आलेला जांभळा शिंजीर घ्या. लांबून नर नुसता काळा दिसतो. तीन मीटरवरून, ऊन अंगावर असताना, त्याच्या पिसांवरची निळी-जांभळी झळाळी दिसते. शिवाय फुलात समोरून चोच न घालता बुडाशी भोक पाडून तो मकरंद कसा पळवतो, तेही दिसते. ज्या दुर्बिणीचे किमान अंतर पाच मीटर आहे तिच्यातून हे पाहायचे तर पाहणाऱ्याला मागे सरत सरत स्वयंपाकघरात जावे लागेल. दोन मीटर किंवा त्याहून कमी किमान अंतर असलेली दुर्बीण परसाला योग्य. लिंबाच्या झाडावर अंडी घालायला येणारे नीलवंत फुलपाखरूही मग आवाक्यात येते. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही छोटी दुर्बीण तर अर्ध्या मीटरवरचेही स्पष्ट दाखवते. कीटकांचा नाद असलेल्यांना तिच्याइतकी सोयीची दुसरी क्वचितच मिळेल.

काही दुर्बिणींवर ‘१२६ मी./१००० मी.’ असेही लिहिलेले असते. ही दुर्बीण हजार मीटरपर्यंत चालते, असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो आणि काही विक्रेते तो खोडूनही काढत नाहीत. खरा अर्थ असा, की हजार मीटरवर १२६ मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. परसात याचा हिशेब मांडला तर आठ मीटरवर जेमतेम एक मीटर रुंदी हाती लागते. नाचण एका फांदीवर दोन क्षण टिकत नाही. एवढ्या तुकड्यात तो सापडेपर्यंत उडालेला असतो. पट वाढली की हा तुकडा सहसा आणखी आक्रसतो, स्पष्ट दिसणारी खोलीही घटते, आणि हाताची थरथर तेवढ्याच पटीने वाढते. म्हणून सात किंवा आठ पट पुरे. आठ पटीत आठ मीटरवरचा बुलबुल एका मीटरवर बसल्यासारखा दिसतो. त्याहून जवळ कशाला हवा? पट कमी-जास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणींचा मोह टाळलेला बरा. कमी पटीवर त्यांचे दृश्य फारच अरुंद असते.

दुसरा आकडा उजेडाचा. त्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ८×२५ मध्ये सुमारे तीन मिलिमीटर, ८×३२ मध्ये चार, ८×४२ मध्ये सव्वापाच. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे छोट्या दुर्बिणीवरही भागते. तिन्हीसांजेला पिंगळा ढोलीतून बाहेर येतो तेव्हा मात्र बाहुली रुंदावलेली असते आणि ४२ चा फरक कळतो. त्याबदल्यात मानेवर साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम वजन येते. एकच दुर्बीण घ्यायची तर घरापुरता ८×३२ हा चांगला मध्य आहे.

बांधणीचे प्रकार दोन. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या लोलकरचनेच्या दुर्बिणीत पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा दूर-दूर असतात. कमी पैशांत ती चांगले चित्र देते, पण अगदी जवळच्या वस्तूवर रोखली की दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळेनाशी होतात. सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझम दुर्बिणीत ही अडचण कमी, किंमत मात्र जास्त. लालभडक चमकणारी भिंगे असलेल्या स्वस्त दुर्बिणी दोन्ही प्रकारांत टाळाव्यात. त्या तांबडा प्रकाश परतवतात, आणि तांबटाच्या कपाळावरचा लाल ठिपका फिका पडतो.

चष्मा लावणाऱ्यांना डोळा नेत्रभिंगापासून किमान १५–१६ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसायला हवे. मुलांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते, म्हणून दोन्ही नळ्या किती जवळ येतात तेही पाहावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीणच घ्यावी. साध्या दुर्बिणीत पावसाळ्यात ओल शिरते आणि भिंगांवर बुरशीचे धागे पसरतात. बंद कातडी पिशवीपेक्षा सिलिका जेलची पुडी टाकलेला डबा बरा.

पारख दुकानातच करावी. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करावी, मग फक्त उजव्या डोळ्याने पाहत उजव्या नेत्रभिंगाची कडी जुळवावी. त्यानंतर पाटीकडे एकेक पाऊल सरकत, चाक फिरवूनही ती कुठे धूसरच राहते ते पाहावे; छापील किमान अंतर खरे की खोटे ते तिथेच कळते. दोन मिनिटे सलग पाहून डोळे ओढल्यासारखे वाटले किंवा चित्र दुहेरी झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.