विद्येची उसनवारी

दापोडे, काल्हेर, राहनाळ या आपल्या परिसरात जेथे भाताची शेते होती तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. या गोदामांत ज्यांचा वावर आहे त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. ट्रकातून माल उतरतो त्याच्याआधी त्याचा कागद उतरतो. माल कोणी पाठविला, कोठून निघाला, नग किती, हे बिल्टीवर नसेल तर माल कितीही चांगला असो, कारकून तो आत घेत नाही. त्याला त्या मालाविषयी राग नसतो. पण उद्या खोके फुटलेले निघाले, तर विचारावयाचे कोणाला, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

विद्येच्या व्यवहारातही हाच प्रश्न आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी शोधनिबंध लिहितो, तेव्हा त्यातील बहुतेक माल बाहेरून आलेला असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. कोणीही सर्व ज्ञान स्वतःच्या घरात पिकवीत नाही. मात्र हा माल कोणाकडून आला हे लिहून ठेवणे म्हणजेच संदर्भ देणे होय. आता या व्यवहारात एक नवा पुरवठादार आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे बोलके यंत्र असे त्याला म्हणू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून या यंत्राने लिहून दिलेल्या मजकुराची बिल्टी कशी फाडावयाची, हा प्रश्न घराघरांत येऊन पोहोचला आहे.

कित्येकांना वाटते की संदर्भ देण्याची ही रीत साहेबाने आणली. आपल्याकडे ज्ञान सर्वांचे मानीत. हे अर्धेच खरे आहे. आपल्या संतांच्या अभंगांच्या शेवटी ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा असते. हे शब्द कोणाचे, याची ती नोंदच आहे. देहूच्या सालोमालो नावाच्या गृहस्थाने तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत आपली मुद्रा घातली, असे परंपरा सांगते. म्हणजे उचलेगिरीही जुनी आणि तिच्याविषयीची नापसंतीही जुनी. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. नाथ स्वतः थोर कवी. त्यांना चार ओव्या घालणे अवघड नव्हते. पण त्यांनी ते केले नाही आणि पुढच्यांनीही करू नये असे बजावले. दुसऱ्याचे शब्द कोठे संपतात आणि आपले कोठे सुरू होतात, ही सीमारेषा त्यांनी पवित्र मानली.

संदर्भाचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. आपण कोणते कागद पाहिले हे त्याने तळटिपांत नमूद केले. पुढे १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच या ग्रंथावर टीकात्मक निबंध लिहिला आणि त्यातील उणिवा दाखविल्या. एक विद्यार्थी एवढ्या मान्यवर ग्रंथाला प्रश्न विचारू शकला, कारण ग्रंथकाराने आपल्या आधारांचा माग ठेवला होता. त्यानंतर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. गावोगावची दप्तरे धुंडाळून मूळ पत्रे छापावयाची, म्हणजे वाचकाला लेखकाचे म्हणणे स्वतः पारखून घेता येईल, हा त्यांचा मार्ग होता. तात्पर्य, संदर्भ हा केवळ आभाराचा शब्द नव्हे. माझे चुकत असेल तर येथे जाऊन मला पकडा, असा तो वाचकाला दिलेला पत्ता आहे.

आता या कसोटीवर नवे यंत्र घासून पाहू. हे यंत्र काम कसे करते? अफाट मजकूर वाचवून त्याला एवढेच शिकविलेले असते की, अमुक शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. त्या संभवाच्या बळावर ते वाक्यामागून वाक्य रचीत जाते. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते. पण सफाई आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, भिवंडीतील हातमाग जाऊन यंत्रमाग कसे आले यावर एखाद्या विद्यार्थिनीने निबंध घेतला आणि यंत्राकडे पाच संदर्भ मागितले. संदर्भाचा साचा यंत्राला ठाऊक असतो : लेखकाचे आडनाव, वर्ष, ग्रंथाचे नाव, पृष्ठांक. त्या साच्यात शोभेल अशी नावे ते बसवून देऊ शकते. मग ग्रंथालयात जाऊन पाहावे तर तसे पुस्तकच नाही! अलीकडची काही यंत्रे महाजालावर शोध घेऊन दुवेही देतात. तरीही तो दुवा उघडून, तेथे खरोखर तेच लिहिले आहे काय, हे माणसानेच पाहावयाचे असते.

ही चूक फक्त पोरांचीच होते असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले, आणि त्यांना व त्यांच्या कचेरीला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातही २०२५ साली असे प्रकरण आले. प्राप्तिकराच्या एका आकारणीत ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ती आकारणी रद्द केली आणि यंत्राने पुढे केलेले आधार डोळे झाकून घेऊ नयेत, पडताळून घ्यावेत, अशी समज दिली.

विद्यार्थ्याच्या बाबतीत पणाला लागते ती त्याची पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षपर्यंत पुन्हा सादर करता येत नाही. साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देश करून घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीत धरीत नाहीत. हे नियम झाले तेव्हा बोलके यंत्र लोकांच्या हाती नव्हते, आणि यंत्राने नव्याने रचलेले वाक्य जुन्या कोणत्याही पानाशी जुळेलच असे नाही. म्हणून कोणी म्हणेल, मग सापडणार कसे? श्रोतेहो, सापडणे हा येथे प्रश्नच नाही. ज्या वाक्याचा अर्थ परीक्षकांनी विचारला असता सांगता येत नाही, ते आपले कसे?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रेही निघाली आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून मुलांना गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध अशा सात ओळखयंत्रांना दिले. त्यांतील सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरविले गेले! साधे, मोजक्या शब्दांचे इंग्रजी लिहिणाऱ्यावरच आळ आला. मराठी शाळेतून महाविद्यालयात गेलेला आपला मुलगा नेमके असेच इंग्रजी लिहितो. त्याच्या बचावाला एकच गोष्ट उभी राहील, ती म्हणजे त्याची टिपणवही आणि कच्चे खर्डे. ते जपून ठेवावेत.

तर मग यंत्र वापरूच नये काय? तसे नाही. घरात कोणी पुस्तक उघडून समजावणारे नाही, अशा मुलाला अवघड उतारा सोपा करून सांगणारे साधन मिळाले, तर ते हिरावून घेऊ नये. फक्त वापराची नोंद ठेवावी. पहिली गोष्ट, आपले महाविद्यालय काय चालवून घेते हे आधी विचारावे. दुसरी, माहितीचा आधार म्हणून यंत्राचे नाव देऊ नये. यंत्राने दाखविलेल्या मूळ ग्रंथापर्यंत जावे, तो वाचावा आणि त्याचाच संदर्भ द्यावा. तिसरी, भाषा सुधारणे, भाषांतर करणे, आराखडा काढणे यांसाठी मदत घेतली असेल तर यंत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि कोणत्या कामासाठी वापरले, हे दोन ओळींत सांगावे. यंत्राचेच वाक्य उद्धृत करावयाचे झाल्यास ते अवतरणचिन्हांत घालावे आणि तो संवाद जपून ठेवावा. चौथी, यंत्राला सहलेखक करू नये. संशोधनप्रकाशनाच्या नीतीविषयी काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने हेच सांगितले आहे. कारण उघड आहे : लेखक म्हणजे चुकीचा जाब देणारा, आणि यंत्राला जाब विचारता येत नाही.

आपल्या वाडवडिलांच्या घरी उसनवारीची वही असे. शेजारून पायलीभर तांदूळ आणला तरी त्यात टिपला जाई. उसने घेण्याची लाज कोणाला नव्हती. न टिपण्याची होती. आपली मुले आज जगाच्या कोठारातून विद्या उसनी आणीत आहेत, आणि ती भरपूर आणावी. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना गुण किती मिळाले हे विचारण्याआधी एवढेच विचारावे : बाळ, हे कोठून आणलेस, आणि कोठे टिपलेस?