डोळ्याने पाहिलेला डोळा

डोळा सर्व जगास पाहतो, पण स्वतःस पाहू शकत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वांशी खरी नव्हे. बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1960 नंतरच्या दशकात आपल्याच डोळ्याच्या अंतर्भागाचे निरीक्षण केले. त्यासाठी त्यांना मुख्यतः दोनच साधने लागली : उजळलेला पांढरा पडदा आणि रंगीत प्रकाशगाळण्या. 1930 चे नोबेल पारितोषिक मिळविलेला हा भौतिकीचा पंडित सत्तरी उलटल्यावर फुलांच्या रंगांत रमला, आणि फुलांवरून त्याची जिज्ञासा ते रंग पाहणाऱ्या इंद्रियाकडे वळली.

या निरीक्षणाचा अर्थ कळण्यासाठी डोळ्याची मागची भिंत पाहिली पाहिजे. पारपटल व भिंग यांनी एकवटलेला प्रकाश तेथील दृष्टिपटलावर पडतो. हे पटल कागदासारखे पातळ असले तरी त्याच्या अनेक थरांचा क्रम मोठा विलक्षण आहे. प्रकाशाचे ग्रहण करणाऱ्या पेशी मागच्या बाजूस आणि त्यांचे संदेश नेणारे मज्जातंतू पुढच्या बाजूस, अशी ही उलटी मांडणी होय. प्रकाशाला प्रथम तंतूंचे जाळे ओलांडावे लागते. सुमारे 10 लाख तंतू एकत्र येऊन जेथून डोळ्याबाहेर पडतात, तेथे ग्राहक पेशी मुळीच नसतात. हाच अंधबिंदू. तो कोणासही पडताळून पाहता येतो. कागदावर डावीकडे फुली व तिच्या उजवीकडे 6 सेंटिमीटरवर ठिपका काढावा, डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे टक लावावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. अंतर 22 ते 25 सेंटिमीटरच्या आसपास आले की ठिपका नाहीसा होतो. नवल हे की त्या जागी भोक दिसत नाही. मेंदू ती जागा कागदाच्याच रंगाने भरून काढतो.

ग्राहक पेशी दोन प्रकारच्या. दंडाकार पेशी सुमारे 12 कोटी असून त्या मंद प्रकाशात उपयोगी पडतात. शंक्वाकार पेशी सुमारे 60 लाख असून रंगज्ञान त्यांच्यामुळे होते. पटलाच्या मध्यभागी पीतबिंदू आहे. त्याच्या पिवळ्या रंगद्रव्यात निळ्या प्रकाशाचा काही अंश शोषला जातो. बिंदूच्या केंद्रस्थानी वरचे थर बाजूस सरून एक उथळ खळगा बनलेला असतो, आणि तेथे शंक्वाकार पेशींची दाटी असते. वाचताना दृष्टी याच इवल्याशा जागेवर अक्षर आणून ठेवते. पीतबिंदू रोगाने निकामी झाला, तर माणूस खोलीत वावरू शकतो, पण समोरचा चेहरा ओळखू शकत नाही.

रामन गाळणीतून उजळ पडद्याकडे काही काळ पाहत आणि मग गाळणी एकदम दूर करीत. पटलाच्या निरनिराळ्या भागांची रचना सारखी नसल्याने त्या बदलाला त्यांचा प्रतिसादही सारखा नसतो. त्यामुळे पडद्यावर क्षणभर पटलाच्या मध्यभागाचे जणू मोठे केलेले चित्र उमटते. अशा स्वरूपाचा एक अनुभव मॅक्सवेल यांनी 19 व्या शतकातच नोंदविला होता. रामन यांनी अनेक रंगांच्या गाळण्या वापरून तो चिकाटीने तपासला. 1968 मध्ये बंगळूरलाच प्रसिद्ध झालेल्या दृष्टीविषयीच्या त्यांच्या ग्रंथात ही निरीक्षणे आली आहेत.

निरीक्षण एक, निष्कर्ष दुसरा. तीन प्रकारच्या ग्राहकांमुळे रंगज्ञान होते, हा यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या परंपरेतील सिद्धांत रामन यांनी अमान्य केला. पिवळा रंग तांबड्या व हिरव्याच्या संयोगातून जाणवतो, हे त्यांना पटेना. आणि पिवळा हा मिश्र वाटत नाही, हा अनुभव तर सर्वांचाच आहे. तथापि संवेदना कशी वाटते यावरून पेशी किती प्रकारच्या आहेत, हे ठरत नाही. 1964 मध्ये अमेरिकेत दोन प्रयोगशाळांनी एकेका शंक्वाकार पेशीतून प्रकाशाची बारीक तिरीप सोडून तिचे शोषण मोजले, आणि तीन प्रकार स्पष्ट झाले. त्यांचे सर्वाधिक शोषण सुमारे 420, 534 व 564 नॅनोमीटर तरंगलांबीपाशी होते, असे पुढे अधिक काटेकोर मापनातून दिसले. पिवळेपणाची शुद्ध जाणीव त्यानंतरच्या मज्जापेशींत, या संदेशांच्या बेरीज-वजाबाकीतून घडते. तांबड्या व हिरव्या प्रकाशाच्या ग्राहकांची जनुके क्ष गुणसूत्रावर असल्याचे 1986 मध्ये सिद्ध झाले. पुरुषांत क्ष गुणसूत्र एकच असते. तांबडा-हिरवा भेद न कळण्याचा दोष स्त्रियांपेक्षा त्यांच्यात अधिक का आढळतो, याचा उलगडा त्यातून होतो.