उतारवयातील पुरुष आणि योगासने

रविवारी मिस्सेत गुडघे टेकण्याची वेळ आली की मागच्या बाकांवरील वृद्ध मंडळी बसूनच राहतात. पांढुर्णा व सौंसरकडील ही माणसे कपाशीच्या शेतांत आणि संत्र्यांच्या बागांत जन्मभर राबलेली. मुलांनी शेती हाती घेतली आणि यांनी खाट धरली. घरची म्हातारी मात्र चुलीपाशी उठबस करीतच असते. म्हणून हे चार शब्द विशेषेकरून पुरुषांसाठी.

“आयुष्यभर कष्ट केले, आता योगासने कशाला?” असे ते विचारतात. कष्टाने देह एकाच बाजूस वाकतो. काम सुटले की मांड्यांचे बळ झपाट्याने ओसरते, तोल जातो. मग अंगणात पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणास खिळणे. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश उठणे, बसल्या जागी दोन्ही हात वर नेत श्वास घेणे व तो हळूहळू सोडणे, एवढे रोज पंधरा मिनिटे केले तरी पुष्कळ. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रोग्याने शीर्षासन, कपालभाती आणि श्वास कोंडणे या वाटेस जाऊ नये. आरंभी डॉक्टरांस विचारावे.

ही विद्या आपल्याला दूरची नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसने व प्राणायाम शास्त्राच्या कसोटीस लावले. जवळच्या नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने असंख्य गृहस्थांस आसने शिकविली.

“पण फादर, हे आपल्या धर्मात चालते का?” हा प्रश्न बहुधा मिस्सेनंतर, हळू आवाजात येतो. व्हॅटिकनने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांस पत्र लिहिले. देहाची स्थिती व श्वास प्रार्थनेस साहाय्य करू शकतात, हे त्यात मान्य केले आहे. मात्र त्यातून लाभणाऱ्या सुखद शांतीस पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असेही बजावले आहे. माझ्या मते भेद येथेच आहे. जो मंत्र म्हणताना मन कचरते तो म्हणू नये. टाच उचलण्यास मंत्र लागत नाही.

आणि ज्यांचे गुडघे वाकतच नाहीत त्यांनी खुशाल बसून प्रार्थना करावी. संकोचापायी मिस्सेला येणे मात्र सोडू नये.