वाकलेल्या पाठींचा हिशेब

२०२८ च्या सिंहस्थाची चाहूल उज्जैनला केव्हाच लागली आहे. क्षिप्रेच्या काठी घाट बांधले जात आहेत, रस्ते रुंदावत आहेत. या नगरीशी आपल्या किनारपट्टीचे नाते जुने. अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. त्यांचे नाव इतिहासाने जपले. दगड वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आज निदान त्यांच्या वंशजांच्या पाठीवरील भार तरी मोजला जावा.

कायद्याने तो मोजला आहे, पण अर्धवट. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्याखाली केंद्राने १९९८ साली जे नियम केले, त्यांत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो आणि स्त्रीसाठी ३० किलो अशी ओझ्याची मर्यादा घातली. आपल्याकडील सिमेंटचे पोते ५० किलोंचे; म्हणजे ते एकट्याने उचलणे नियमात चपखल बसते! मात्र दिवसातून किती वेळा आणि किती जिने चढून, याची मोजदाद नाही. साठ पोती वाहणाऱ्याच्या पाठीवरून सायंकाळपर्यंत तीन टन भार गेलेला असतो. सळया बांधणारा तासन्‌तास कमरेत वाकून तारेला पीळ देतो. घमेले वाहणाऱ्या स्त्रीच्या मानेला दिवसभर उसंत नसते. परांचीवरून कोणी पडला तर निदान पंचनामा होतो. मणका झिजला तर कसला पंचनामा? झाबुआ-अलिराजपूरकडून पोटासाठी आलेला आदिवासी मजूर कंबर धरून गावी परततो, आणि हजेरीपटावर त्याच्या जागी दुसरे नाव चढते.

उपाय मुळीच अशक्य नाहीत. ब्रिटनमध्ये सिमेंटचे पोते ५० वरून २५ किलोंवर आले, म्हणून तेथील बांधकामे अडली नाहीत. लहान पोती, हातगाडे, माल वर चढविण्यास यारी आणि ठरलेली विश्रांती एवढ्यानेही पुष्कळ साधेल. बांधकामखर्चावर किमान एक टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने घेतला जातो; त्यातून त्यांच्या पाठीची तपासणी व उपचार का होऊ नयेत? व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आहे. तिची अंमलबजावणी करताना एका ओझ्याऐवजी दिवसभराच्या श्रमाची मर्यादा ठरविली पाहिजे.

हा प्रश्न दूरच्या माळव्याचा म्हणून आपण हात झटकू शकत नाही. गोमंतकातील इमारतीही परप्रांतीय मजुरांच्याच पाठीवर उभ्या राहत आहेत. सिंहस्थाचे पुण्य जोडण्यास जाणाऱ्यांनी घाटाची पायरी उतरताना एवढे स्मरावे, की ती कोणाच्या तरी कण्याने तेथवर आणलेली आहे.