आधी बाहुलीचं ऑपरेशन!
ताईच्या चार वर्षांच्या लेकीनं हाकेला ओ देणं सोडलं, तेव्हा आम्ही तिला हट्टी ठरवून मोकळे झालो. निघालं ‘ग्लू इअर’! कानाच्या पडद्यामागे चिकट द्राव साठलेला. तीन महिने थांबूनही तो हटेना, तेव्हा ग्रोमेट ठरलं. पडद्यात बसवायची इवलीशी नळी, साधारण वर्षभरात आपोआप गळून पडणारी. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण पूर्ण भूल देऊन.

पिल्लूला सांगायचं कसं? आजी म्हणाली, ‘आइस्क्रीम खायला चाललोय म्हणा.’ मी साफ नाही म्हटलं. (मावशीगिरी, दुसरं काय!) आदल्या दिवशी बाहुलीच्या कानात मणी चिकटवला, नाकावर वाटीचा मास्क धरला.

‘दुखेल?’

‘झोपेत नाही कळणार. उठल्यावर थोडं दुखेल, मग औषध देतील.’

खरी परीक्षा सकाळची. सहा तास आधीपासून दूधही बंद! मग घरात कुणीच चहा टाकला नाही, आजीनंसुद्धा. बाहुली थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेली.

संध्याकाळी घरी येताना कर्वे रोडवर पिल्लूनं कानांवर हात ठेवले, ‘मावशी, ही रिक्षा केवढी ओरडते!’